पाइपलाइनला स्टेशन नसतं : अकोळनेर, नगर जिल्हा आणि तेलाच्या वाटेचा हिशोब

पर्यावरणाच्या खटल्यांची नावं बहुतेक वेळा रुक्ष असतात. अमुक विरुद्ध महाराष्ट्र शासन, तमुक विरुद्ध प्रदूषण नियंत्रण मंडळ. पण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाच्या २०१४ सालच्या निकालांमध्ये एक नाव असं आहे की तिथे नजर थांबतेच : श्री संत दासगणू महाराज शेतकरी संघ, अकोळनेर विरुद्ध इंडियन ऑईल कॉर्पोरेशन.

दासगणू महाराज म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८, गाव अकोळनेर. आधी पोलिसात नोकरी, मग कीर्तनकार आणि संतचरित्रकार. 'श्री गजानन विजय' घराघरात गेला तो त्यांचाच. त्यांच्या नावाने त्यांच्याच गावातले शेतकरी एकत्र आले आणि देशातल्या सर्वात मोठ्या तेल कंपन्यांपैकी एकीसमोर उभे राहिले. तक्रारीचा गाभा एका ओळीचा होता : तेल साठवणुकीच्या जागेतून तेल जमिनीत झिरपतं आणि आमच्या विहिरींचं पाणी नासतं.

माझं संशोधन पर्यावरणाच्या इतिहासातलं आहे, त्यामुळे मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "तेलाची पाइपलाइन चांगली की वाईट, एकदा सांगून टाक." विचारणारा अर्थशास्त्राचा असेल तर त्याला "चांगली" ऐकायचं असतं, चळवळीतला असेल तर "वाईट". या लेखात मी तो प्रश्न अकोळनेरच्या विहिरीच्या काठावर उभं राहून विचारणार आहे. कारण तिथून पाहिलं की प्रश्नच थोडा बदलतो.

तेल नगरला कसं यायचं?

आधी थोडी मागची गोष्ट. आपल्याकडे खनिज तेल पहिल्यांदा आलं ते दिव्यासाठी. 'घासलेट' हा शब्द इंग्रजीतल्या 'गॅसलाइट'वरून आला असं मानतात. घासलेट डब्यातून यायचं, बाजाराच्या गावी उतरायचं आणि तिथून बैलगाडीने पुढे खेड्यात जायचं. गळती त्याही काळात व्हायची, पण ती डब्याएवढी. मातीत मुरली तर अंगणापुरती.

नगरच्या बाबतीत दुसरा महत्त्वाचा टप्पा म्हणजे रेल्वे. दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. मुंबईहून ईशान्येला जाणारी आणि आग्नेयेला जाणारी अशा दोन मोठ्या रेल्वेमार्गांना जोडणारा हा दुवा नगर जिल्ह्याला उभा छेदत जातो : कोपरगाव, बेलापूर, राहुरी, नगर, मग अकोळनेर, सारोळा, विसापूर, बेलवंडी आणि पुढे दौंड. अकोळनेर हे या मार्गावरचं नगरनंतरचं छोटं स्टेशन. तेलाचा साठा रेल्वेच्या रुळाजवळ का उभा राहतो याचं उत्तर या यादीत आहे. वाघिणींतून तेल उतरवायला रूळ लागतो, टँकर भरून बाहेर काढायला रस्ता लागतो आणि शहरापासून थोडी लांब मोकळी जमीन लागते. अकोळनेरला हे तिन्ही होतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र मोठं झालं. तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ मध्ये एस्सो आणि बर्मा शेलचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९६५ मध्ये बडोद्याजवळ कोयलीचा सरकारी कारखाना सुरू झाला. सत्तरच्या दशकात एस्सोचं हिंदुस्थान पेट्रोलियम झालं आणि बर्मा शेलचं भारत पेट्रोलियम. त्याच दशकात, १९७४ मध्ये, 'सागर सम्राट' जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं. म्हणजे तेल किनाऱ्यावर आणि मागणी घाटावर, अशी स्थिती. ट्रॅक्टर, इंजिनं, ट्रक, साखर कारखान्यांची ऊसवाहतूक, सगळं डिझेलवर. मधे सह्याद्री.

या मधल्या सह्याद्रीवर उत्तर म्हणून पाइपलाइन आली. १९८५ मध्ये मुंबई–पुणे वाहिनी, जी पुढे सोलापूरपर्यंत वाढली. १९९८ मध्ये मुंबई–मनमाड, सुमारे २५२ किलोमीटर, जी पुढे इंदूरजवळच्या मांगल्याकडे आणि तिथून दिल्लीच्या दिशेने गेली. आणि अलीकडची इंडियन ऑईलची कोयली–अहमदनगर–सोलापूर वाहिनी, सुमारे साडेसातशे किलोमीटरची. ही शेवटची थेट आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन येते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण कागदोपत्री वाहिनीला जुनंच नाव चिकटलं आहे. बोलताना मीही नगरच म्हणतो.)

फायद्याचं गणित

पाइपलाइनचे फायदे खोटे नाहीत, हे आधी मान्य करू. एक साधा हिशोब मांडू या. समजा एखाद्या डेपोला वर्षाला १० लाख टन डिझेल लागतं. डिझेलची घनता साधारण ०.८३ धरली तर हे झाले सुमारे १२ लाख किलोलिटर. एका टँकरमध्ये १२ किलोलिटर मावतं असं धरू. म्हणजे वर्षाला एक लाख खेपा, दिवसाला पावणेतीनशे. तेवढेच टँकर रिकामे परत जाणार. आता हे सगळे कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटातून चढताहेत असं डोळ्यांसमोर आणा. पाइपलाइन हे सगळं रस्त्यावरून उचलते. डिझेल वाहून नेण्यासाठी जाळावं लागणारं डिझेल वाचतं, अपघात वाचतात, धूर वाचतो.

शिवाय आणखी एक फायदा आहे, ज्याची किंमत महाराष्ट्राने रक्ताने मोजली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ आणि चोरी पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारलं गेलं. कोपरगावपासून मनमाड हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या भागात ती बातमी कुणी विसरलेलं नाही. रस्त्यावरून जाणारं तेल कुठेही थांबवता येतं. ते थांबलं की ढाब्यामागे पाइप लागतो, डबे भरतात, रॉकेल डिझेलमध्ये मिसळतं आणि त्या धंद्याला राखणारे लोक तयार होतात. जमिनीखालून दाबाने वाहणारं तेल थांबवणं त्या मानाने अवघड आहे. अवघड म्हणजे अशक्य नव्हे : वाहिनीला भोक पाडून चोरी करण्याचे प्रकार इतके वाढले की संसदेने २०११ मध्येच पाइपलाइनच्या कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक केली.

जगाचा अनुभवही असाच दोन्हीकडून बोलतो. जुलै २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिक या गावात कच्च्या तेलाची रेल्वे घसरून पेटली आणि ४७ माणसं मेली. त्याआधी तीन वर्षं, जुलै २०१० मध्ये, अमेरिकेत मिशिगन राज्यात तेलवाहिनी फुटली. नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना येत होत्या, तरी १७ तास गळती ओळखली गेली नाही आणि कालामाझू नदीत तेल वाहत राहिलं. पहिल्या घटनेत माणसं गेली, दुसऱ्या घटनेत नदी गेली. रेल्वेचा अपघात सगळ्यांना दिसतो. पाइपलाइनचा अपघात दिसायलाच वेळ लागतो. हा 'दिसण्याचा' मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

रेल्वेला स्टेशन, पाटाला चारी

नगर जिल्ह्याला सरकारी रेषा नव्या नाहीत. नकाशावर कुणीतरी रेघ ओढतं आणि ती आपल्या शेतातून जाते, हे या जिल्ह्याने दीडशे वर्षं पाहिलं आहे. रेल्वेची रेघ, पाटाची रेघ, महामार्गाची रेघ.

यातली पाटाची गोष्ट सर्वात बोलकी आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या दोन्ही काठांनी कालवे निघाले. दुष्काळी श्रीरामपूर–राहाता पट्टा हिरवा झाला. ऊस आला, हरेगावचा खाजगी साखर कारखाना आला आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. हा फायदा इतका मोठा होता की आजही जिल्ह्याचं राजकारण त्यावर उभं आहे.

पण पाटाची दुसरी बाजूही होती. काळ्या जमिनीत पाणी भरत गेलं, खालचे क्षार वर आले, जमिनी चिबड आणि चोपण झाल्या. हे फक्त प्रवरेचं नव्हे, नीरा डाव्या कालव्यावर (१८८५) बारामतीकडे हे आधीच घडलं होतं. दख्खनच्या कालव्यांचा पाणीवापर आणि शेतीची गरज यांची सांगड घालण्यासाठी मुंबई सरकारला १९१६ मध्ये एक विशेष सिंचन विभाग काढावा लागला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचं मूळ तेच.

चोपण जमिनीच्या या इतिहासातून तीन गोष्टी शिकता येतात. एक, नुकसान लगेच दिसलं नाही, काही वर्षांनी दिसलं. दोन, जो वर पाणी वापरत होता त्याची जमीन शाबूत राहिली आणि उतारावर खाली असणाऱ्याची गेली. तीन, सरकारच्या हिशोबात उसाचं उत्पन्न रुपयांत मांडलेलं होतं, पण बिघडलेल्या जमिनीसाठी सुरुवातीला रकानाच नव्हता.

तरीही पाट आणि पाइपलाइन यांत एक मोठा फरक आहे आणि मला तो निर्णायक वाटतो. पाट ज्या शिवारातून जातो त्याला काही ना काही देतो. चारी निघते, पाळी मिळते, निदान काठच्या विहिरींना पाझर येतो. रेल्वे जमीन घेते पण स्टेशन देते. महामार्ग जमीन घेतो, पण कडेला टपरी, गॅरेज, प्लॉटिंग सुरू होतं. पाइपलाइनला यातलं काहीच नसतं. तिला फक्त दोन टोकं असतात. मधल्या शेतकऱ्याच्या शेताखालून रोज लाखो लिटर डिझेल जातं आणि त्याला ट्रॅक्टरसाठी डिझेल आणायला पंपावरच जावं लागतं, तेही इतरांना पडतं त्याच भावाने.

दहा टक्के आणि एकवीस दिवस

मग मधल्या शेतकऱ्याला मिळतं काय? याचं उत्तर १९६२ च्या कायद्यात आहे. मूळ नाव पेट्रोलियम पाइपलाइन्स कायदा, पुढे त्यात खनिजांचीही भर पडली. या कायद्याची खुबी अशी की तो जमीन घेत नाही, फक्त जमिनीखालच्या 'वापराचा हक्क' घेतो. मालकी तुमचीच, सातबारा तुमचाच. फक्त 'इतर हक्क' या रकान्यात एक नोंद वाढते.

कायद्याची वाट अशी : सरकार राजपत्रात इरादा जाहीर करतं. त्यानंतर २१ दिवसांत हरकत घेता येते. मग अंतिम घोषणा. मग खोदाई. पिकाचं, झाडांचं, बांधाचं जे नुकसान झालं त्याची भरपाई आणि त्याशिवाय त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम. त्या बदल्यात शेतकऱ्याने कायमचं काय सोडायचं? त्या पट्ट्यावर बांधकाम करायचं नाही, विहीर किंवा तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. ज्वारी, बाजरी, कांदा खुशाल घ्या.

कागदावर हे वाजवी दिसतं. आता नगरच्या जमिनीवर उतरवून बघू. पट्टा साधारण १८ मीटर रुंद असतो. तो तुमच्या शेतातून २०० मीटर गेला तर ३६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३६ गुंठे. एकराचा भाव उदाहरणादाखल १० लाख धरला तर या पट्ट्याची किंमत ९ लाखांच्या आसपास आणि दहा टक्के म्हणजे ९० हजार रुपये. एकदाच.

१९६२ साली हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आसामचं तेल बरौनीला नेणारी वाहिनी आणि गुजरातची तेलक्षेत्रं होती. सपाट भाताची शेतं असतील तर झाडबंदी आणि विहीरबंदीने फार बिघडत नाही. पण नगर हा अवर्षणप्रवण जिल्हा. इथे शेतीची सगळी प्रगती म्हणजेच विहीर, फळबाग आणि शेततळं. डाळिंब, मोसंबी, संत्रा, द्राक्ष ही सगळी 'झाडं लावण्या'त येतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली. पण त्या ३६ गुंठ्यांत मागूनही शेततळं होत नाही. म्हणजे दहा टक्के देऊन जे घेतलं जातं तो जमिनीचा वरचा थर नाही. ते त्या जमिनीचं भविष्य आहे. पाटपाण्याच्या बागायतदाराला हा पट्टा कदाचित सोसवतो. दोन एकरवाल्या जिरायतदाराच्या तुकड्याच्या मधोमध तो गेला तर उरलेले तुकडेही कमी कामाचे होतात.

आणि २१ दिवसांचं म्हणाल, तर भारताचं राजपत्र सकाळी चहाबरोबर वाचणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

टोकाला काय होतं?

आता परत अकोळनेरला येऊ. कारण खरा धोका मधल्या रेषेपेक्षा टोकांवर जास्त असतो, असं माझं मत बनत चाललं आहे.

वाहिनी स्वतः बऱ्यापैकी सांभाळलेली असते. पोलादाला गंज लागू नये म्हणून लेप असतो, विद्युत संरक्षण असतं, आतून फिरणारी तपासणीची यंत्रं असतात, दाब कमी झाला की नियंत्रण कक्षात कळतं. पण तेल शेवटी कुठेतरी उतरतं. टाकीत जातं, टाकीतून दुसऱ्या टाकीत, तिथून टँकरमध्ये. प्रत्येक ठिकाणी व्हॉल्व्ह, जोड, पंप, माणसाचा हात. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा डेपोत जी भीषण आग लागली ती पेट्रोल एका ठिकाणाहून दुसरीकडे सोडण्याच्या तयारीत, व्हॉल्व्हपाशी झालेल्या गळतीतून. म्हणजे साडेसातशे किलोमीटर लांबीची चर्चा आपण करतो आणि गोष्ट बिघडते ती वीतभर जोडापाशी.

आग तरी दिसते. झिरप दिसत नाही. दाबातला मोठा फरक यंत्राला कळतो. प्रवाहाच्या मानाने अगदी थोडी, पण सतत होणारी गळती कळत नाही. ती कळते विहिरीला.

इथे आपला खडक समजून घ्यायला हवा. नगर जिल्हा बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा खडक स्पंजासारखा सगळीकडून पाणी धरत नाही. वरची माती, त्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळ खडक आणि मग अभंग कातळ. पाणी मुरमात साठतं आणि भेगांतून सरकतं. म्हणूनच एका विहिरीला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरची कोरडी जाते. तेलही याच भेगांनी जातं. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलाच्या वर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढली की वर येतं, उन्हाळ्यात उतरली की खाली जातं आणि प्रत्येक फेरीत मुरमाला थोडं चिकटून राहतं. विहीर उपसली तर आसपासच्या भेगांतलं आणखी तिच्याकडे ओढलं जातं. एका विहिरीत तवंग दिसेल, शेजारच्या विहिरीत नाही. मग पंचनाम्याच्या वेळी शेजारची स्वच्छ विहीर पुरावा म्हणून दाखवली जाते : "बघा, तिथे तर काहीच नाही."

तवंग तरी डोळ्यांना दिसतो. पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यात विरघळतं आणि ते कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्याप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. म्हणजे १०० लिटर पेट्रोलमध्ये एक लिटरपर्यंत, वजनाने साधारण ८८० ग्रॅम. कागदावरचं गणित केलं तर तेवढं बेंझिन पावणेनऊ कोटी लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आपल्याकडची २० फूट व्यासाची आणि १५-१६ फूट पाणी असलेली विहीर धरली, तर तिच्यात साधारण सव्वा-दीड लाख लिटर पाणी असतं. म्हणजे सहाशेहून जास्त विहिरी. प्रत्यक्षात बरंचसं बेंझिन उडून जातं, काही जिवाणू खातात, सगळं काही पाण्यात पोचत नाही. पण मोजमापाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं : पेट्रोलियमच्या धंद्यात १०० लिटर म्हणजे काहीच नाही, ते हिशोबात 'घट' म्हणून सहज जातं. शिवाराच्या हिशोबात मात्र ते सगळं काही आहे.

कुणाचं घड्याळ?

अकोळनेरच्या प्रकरणात मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सर्वात जास्त रस आहे तो वेळेच्या प्रश्नात.

हरित लवादाचा कायदा २०१० चा. त्यात शेतकऱ्याच्या बाजूने दोन मोठ्या गोष्टी आहेत. 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजायची' आणि 'धोक्याची शंका असेल तर आधी काळजी घ्यायची' ही तत्त्वं लवादाने लावलीच पाहिजेत असं कायदाच सांगतो. आणि नुकसानभरपाईच्या प्रकरणात चूक कुणाची हे सिद्ध न करताही जबाबदारी ठरवता येते. साध्या दिवाणी दाव्याच्या तुलनेत ही फार मोठी सोय आहे. दासगणू महाराजांच्या नावाने एकत्र आलेला शेतकऱ्यांचा संघ थेट अशा मोठ्या कंपनीसमोर उभा राहू शकतो, तो या चौकटीमुळे.

पण याच कायद्यात मुदतीही आहेत. वाद मांडायचा तर कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाई आणि पूर्ववत करण्याची मागणी करायची तर पाच वर्षं. आता वरच्या खडकाचा विचार करा. तेल मुरमात कधी उतरलं? विहिरीत कधी पोचलं? वास पहिल्यांदा कधी आला? बाईने पहिल्यांदा "पाण्याला रॉकेलचा वास मारतोय" म्हटलं तो दिवस कुणी लिहून ठेवलेला असतो? कंपनीकडे टाकीतल्या तेलाची रोजची नोंद असते, मिलीमीटरपर्यंत मोजलेली. शेतकऱ्याकडे विहिरीच्या पाण्याची नोंद नसते, कारण विहिरीचं पाणी चांगलं असणं ही त्याच्या दृष्टीने नोंदवायची गोष्टच नव्हती.

म्हणजे एकाच जागी तीन घड्याळं चालतात. धंद्याचं घड्याळ रोजचं आहे, कायद्याचं घड्याळ दिवस आणि वर्षांचं, आणि खडकाचं घड्याळ दशकांचं. फायदा पहिल्या घड्याळावर मोजला जातो, न्याय दुसऱ्यावर आणि नुकसान तिसऱ्यावर घडतं. आपण 'फायदे विरुद्ध धोके' अशी दोन पारडी मांडतो तेव्हा हे विसरतो की दोन्ही पारड्यांत एकाच वेळी वजन पडत नाही. पाटाच्या बाबतीत हेच झालं होतं : ऊस आधी उगवला, चोपण नंतर फुटलं.

मग पाइपलाइन हवी की नको?

माझं उत्तर : घाटातून रोज शेकडो टँकर नेण्यापेक्षा पाइपलाइन बरी. हे मी कचरत नाही म्हणायला. पण पाइपलाइन आली म्हणजे टँकर गेले असंही समजू नका. शेवटच्या टप्प्यात, डेपोपासून पंपापर्यंत, टँकरच जातो. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल सहसा या वाहिन्यांतून येत नाही, कारण ते पाणी ओढून घेतं. ते डेपोत टँकरनेच येतं. आणि आपल्या जिल्ह्यात ते येतं कुठून, तर साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून. म्हणजे प्रवरेच्या पाटावर पिकलेल्या उसाचा अर्क आणि कोयलीहून आलेलं पेट्रोल, दोन्हींची गाठ डेपोच्या टाकीत पडते. शंभर वर्षांच्या दोन सरकारी रेघा एका ठिकाणी मिळतात. आणि त्या ठिकाणाच्या खाली मुरूम आहे, भेगा आहेत, विहिरी आहेत.

म्हणून 'हवी की नको' यापेक्षा मला तीन छोटे प्रश्न जास्त उपयोगी वाटतात.

पहिला : तेल यायच्या आधी पाणी तपासलं होतं का? वाहिनी किंवा डेपो सुरू होण्यापूर्वी आसपासच्या सगळ्या विहिरींचं पाणी एकदा तपासून तो कागद ग्रामपंचायतीत ठेवला, तर पुढे "आधीपासूनच असं होतं" हा वाद संपतो. याला येणारा खर्च वाहिनीच्या खर्चापुढे चिल्लर आहे.

दुसरा : नोंद कुणाकडे असते? डेपोभोवती निरीक्षण विहिरी घेतल्या जातात, पण त्यांचे आकडे गावाला कळत नाहीत. ते वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवले, अगदी १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, तर कंपनीचं फार काही जात नाही. पण शेतकऱ्याचं घड्याळ तिथून सुरू होतं.

तिसरा : मधल्या माणसाला काय? दहा टक्के एकदाच देण्याऐवजी, जितकी वर्षं तेल वाहतं तितकी वर्षं थोडं भाडं द्यायला काय हरकत आहे? मोबाइलच्या टॉवरला भाडं मिळतं, पवनचक्कीला मिळतं. जमिनीखालून जाणाऱ्या नळीलाच ते का नसावं? विहीरबंदी आणि झाडबंदी कायमची आहे, मग मोबदला एकदाचाच का?

यातली एकही मागणी पाइपलाइन थांबवत नाही. पण प्रत्येक मागणी हिशोबात एक नवा रकाना घालते. इतिहास वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं : नुकसान होत नव्हतं असं कधीच नव्हतं, फक्त ते लिहायला जागा ठेवलेली नव्हती. चोपण जमिनीला रकाना मिळायला अनेक वर्षं आणि अनेक संसार जावे लागले. अकोळनेरच्या विहिरीला तो मिळवण्यासाठी गावकऱ्यांना संघ काढून पुण्याला जावं लागलं. पुढच्या गावाला तो छापील फॉर्ममध्येच मिळावा, एवढीच अपेक्षा.